कल्याणच्या कोर्टात सुरू झालेला एक खटला आणि आमच्या घरची हक्कसोड

गणपतीच्या आधी आई न्हाणीघरात पडली. वय ७६. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन कल्याणला केलं, कारण तिथं ताई राहते. डॉक्टर म्हणाले, तीन महिने चढ-उतार नको. कसाऱ्यात आमचं घर चढावर, म्हणजे आई ताईकडेच राहणार. वडील ८१ वर्षांचे. ते दोन दिवस कसेबसे राहिले आणि तिसऱ्या दिवशी सकाळची कसारा लोकल पकडून एकटेच घरी आले. म्हणाले, "जावयाच्या दारात किती दिवस जेवायचं?"

ही अढी फक्त आमच्या वडिलांची नाही. मुलीच्या घरचं पाणीही पिऊ नये असं मानणारी पिढी अजून आपल्या घराघरांत बसलेली आहे. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. तोही आपल्याच लाईनवरचा.

इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ होतं. त्यात पोटगी मागता यायची ती बायकोला आणि मुलांना. म्हातारे आई-बाप त्यात नव्हतेच. एकत्र कुटुंब आहे, कुणीतरी बघेलच, असं धरून चाललेलं. १९७३ ला नवी संहिता आली आणि कलम १२५ मध्ये पहिल्यांदा आई-वडील आले. महिन्याला जास्तीत जास्त ५०० रुपये. (ही मर्यादा २००१ ला काढली.) पण कायद्याच्या इंग्रजी मजकुरात 'त्याचे वडील किंवा आई' अशा अर्थाचा पुल्लिंगी शब्द होता. मग 'त्याचे' म्हणजे फक्त मुलाचे का?

हा प्रश्न कल्याणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात उभा राहिला. एका वडिलांनी आपल्या लग्न झालेल्या मुलीकडे महिना ५०० रुपये मागितले. मुलगी कल्याणमध्येच डॉक्टर. त्यांच्या घरात काय बिनसलं होतं तो त्यांचा प्रश्न. मुलीची बाजू अशी की, हा अर्ज मुलीविरुद्ध चालूच शकत नाही. कल्याणच्या कोर्टाने हे मान्य केलं नाही, मुंबई उच्च न्यायालयानेही नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८७ ला निकाल लागला: 'त्याचे' यात 'तिचे'ही आलं. लग्न झालं म्हणून मुलगी आई-बापाची मुलगी राहायची थांबत नाही. ज्यांना फक्त मुलीच आहेत त्या म्हाताऱ्यांनी मग काय करायचं, असाही विचार कोर्टाने मांडला. मात्र एक अट घातली. मुलीकडे नवऱ्याच्या कमाईशिवाय स्वतःचं पुरेसं उत्पन्न हवं.

म्हणजे आई-बापाला सांभाळायची कायदेशीर जबाबदारी लेकीवरही आहे, हे देशाला सांगणारा खटला आपल्या ठाणे जिल्ह्यातला. कसाऱ्याहून लोकलने सव्वा-दीड तासावर सुरू झालेला.

आता दुसरी बाजू. जबाबदारी १९८७ लाच पक्की झाली, हक्काचं काय? वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मतः हिस्सा महाराष्ट्राने दिला १९९४ ला, आणि तोही तोवर लग्न न झालेल्या मुलींनाच. देशभर तो मिळाला २००५ ला. आणि कागदावर मिळालेला हा हिस्सा आपण काय केला, ते सगळ्यांना माहीत आहे. हक्कसोडपत्र!

नऊ वर्षांपूर्वी काका आणि आमच्यात शेताचं वाटप झालं. आत्यांच्या सह्या घेतल्या, ताईचीही घेतली. तिला शहापूरला घेऊन मीच गेलो होतो. तिने कागद वाचलासुद्धा नाही. येताना साडी घेतली, मिसळ खाल्ली, झालं. त्या काळात मी बातम्यांत महिलांच्या हक्कावर लिहीत होतो, हे लिहितानाही लाज वाटते.

आज आईचं अंग पुसणं, रात्री दोनदा उठवणं, फिजिओथेरपी, सगळं ताई करते. मी रविवारी सफरचंदं घेऊन जातो. आणि गावात लोक मला म्हणतात, "आईचं चांगलं बघतोयस हो."

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने वाट थोडी सोपी केली. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज, वकिलाची गरज नाही, महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह. मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं, सगळे त्यात येतात. घर-जमीन बक्षीस देताना 'सांभाळ करायचा' अशी अट कागदात लिहिली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. ही अट लिहून घ्याच. अडचण एवढीच की, शहापूर तालुक्याचं प्रांत कार्यालय भिवंडीला. गुडघे धरलेल्या माणसाने कसाऱ्याहून तिथं किती चकरा मारायच्या? न्यायाधिकरणाने महिन्यातून एक दिवस शहापुरात बसावं, ही मागणी मी इथं जाहीरपणे करतोय.

मलाही एकच मुलगी. "म्हातारपणी काठी कोण?" असं नातेवाईक हसत हसत विचारतात. मी चाळिशी ओलांडली, पेन्शन नाही, भीती मलाही वाटते. पण तिच्याकडून उद्या काही अपेक्षा करायची तर आज ताईचा हिशोब आधी करायला हवा. शेताचं आता होऊन गेलं. राहतं घर वडिलांच्या नावावर आहे. मृत्युपत्रात ताईचं नाव बरोबरीने घाला, असं मी त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पण परवा नव्या तांदळाची पिशवी घेऊन कल्याणला गेले. चार दिवस झाले, अजून तिकडेच आहेत.

तुमच्या घरच्या हक्कसोडीवर कुणाच्या सह्या आहेत आणि दवाखान्यात रात्री कोण बसतं, या दोन याद्या शेजारी ठेवून बघा. न्यायाधिकरणाच्या अर्जाची माहिती हवी असेल तर मेसेज करा, जमेल तेवढी मदत करतो.