मंत्र कोणाचा, उपचार कोणाचा?

शामान म्हटले की गूढता, चमत्कार आणि नशा एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. या विद्येला स्वतःची नीती असते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. म्हणूनच मेक्सिकोतील वाहाका राज्यातल्या मारिया साबिना या माझातेक उपचारकर्तीचे उदाहरण आम्हांला महत्त्वाचे वाटते.

तिच्या परंपरेत पवित्र अळंबीचा रात्रविधी आजाऱ्यासाठीच होई; केवळ देव शोधण्यासाठी नव्हे. १९५५ साली न्यूयॉर्कचे बँकर गॉर्डन वॉसन यांनी मुलाच्या काळजीचे निमित्त पुढे केले. गावच्या अधिकाऱ्याच्या शब्दाखातर तिने विधी केला. छायाचित्रे खासगी राहतील या अटीवर काढू दिली. १९५७ साली ती ‘लाइफ’मध्ये छापून आली. लेखात तिचे नाव बदलले होते, पण ते झाकलेले राहिले नाही. साठच्या दशकात अनुभवार्थींची रीघ लागली, गावाचा रोष तिच्यावर आला, तिचे घर जळाले. परके आल्यापासून अळंबीची शक्ती ओसरली, असे तिने आल्वारो एस्त्रादा यांना सांगितले. वॉसन यांनाही पुढे खंत वाटली. १९८५ साली ती निवर्तली.

निरक्षर मारियाचे मंत्र आज जगभर कविता म्हणून वाचले जातात. ते तसे वाचावेतही. मात्र ज्या आजाऱ्यासाठी ते उच्चारले गेले, त्याला संहितेबाहेर काढून केलेले वाचन वॉसन यांच्या निमित्तापेक्षा फारसे वेगळे नाही, असे आम्हांला वाटते.