बेघर : समाजाची दृष्टी आणि शासनाचे धोरण

माणसाला आपण ज्या नावाने ओळखतो, त्या नावातच त्याच्याविषयीची आपली धारणा दडलेली असते. रात्री पदपथावर निजणाऱ्या माणसाला समाजाने कधी 'भिकारी' म्हटले, कधी 'अतिक्रमण करणारा' आणि फार उशिराने 'बेघर नागरिक'. जसे नाव, तसा कायदा. मुंबईचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो.

निराश्रिताला आसरा देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. गावात देवळाची ओवरी होती, यात्रेच्या वाटेवर धर्मशाळा होती. परंतु धर्मशाळा मुळात वाटसरूसाठी. दोन-चार दिवस राहून तो पुढे जाईल, हे तेथे गृहीत होते. ज्याला परतण्यास घरच नाही, त्याचा विचार त्या व्यवस्थेत नव्हता. गिरण्यांनी आणि गोदीने खेड्यापाड्यांतील माणसे मुंबईत ओढून आणली, तेव्हा ही उणीव उघडी पडली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. गरिबांची दाट वस्ती म्हणजे रोगाचे घर, ही तेव्हाची समजूत. ट्रस्टने रस्ते रुंद केले, कोंदट वस्त्या पाडल्या; पण आरंभीच्या वर्षांत जितक्यांची घरे गेली, तितक्यांना नवी मिळाली नाहीत.

स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा झाला. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे, हेही या कायद्याच्या व्याख्येनुसार भीक मागण्यात मोडू शकत होते. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत डांबण्याची तरतूद होती. पुढे हाच कायदा दिल्लीसही लागू झाला. दारिद्र्य हा दोष मानला, की पोलीस हाच उपाय ठरतो.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवून मूळ गावी पाठविण्याची घोषणा केली. ऐन पावसाळ्यात झोपड्या मोडू लागल्या. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी न्यायालयाचे दार ठोठावले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय पीठाने निर्णय दिला, की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ही माणसे पदपथावर हौसेने राहत नाहीत. काम जवळ असते म्हणून राहतात, हे न्यायालयाने मान्य केले. तथापि पदपथ मोकळा करण्याचा महापालिकेचा अधिकार कायम राहिला. मिळाली ती प्रामुख्याने पावसाळा सरेपर्यंतची मुदत.

त्याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेने मुंबईतील सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची पाहणी केली. काम करून पोट भरणारी, पायी कामावर जाणारी ही माणसे प्रथमच आकड्यांत दिसू लागली. जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी योजना होत नाही, हा त्यातला धडा.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे बारमाही रात्रनिवारे उभारण्यास सांगितले. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांची स्वतंत्र योजना आली. २०११ च्या जनगणनेने देशात १७ लाखांहून अधिक, तर महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक बेघर मोजले. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भिक्षा प्रतिबंधक कायद्याची भीक मागणे गुन्हा ठरविणारी कलमे रद्द केली. तो निकाल मात्र दिल्लीपुरता होता.

शासन आपल्या मनाने धोरण आखते, असे आपण समजतो. वास्तविक ते समाजाचे मन वाचते. पदपथ मोकळा व्हावा, एवढीच आपली मागणी असेल, तर झोपड्या मोडणारी गाडी येते. तिथला माणूस कुठे जाईल, असा प्रश्न आपण विचारला, तरच निवारा उभा राहतो. हिवाळ्यात घोंगड्या वाटणे हे सत्कार्यच आहे. पण घोंगडी एका रात्रीची थंडी निवारते. आपल्या वॉर्डात निवारा आहे काय, तो कामाच्या ठिकाणापासून किती दूर आहे, बायका-मुलांना तेथे जागा आहे काय, हे विचारणारा समाज पुढच्या पिढीची रात्र निवारतो. समाजबांधवांनी दानाबरोबर हा प्रश्नही हाती घ्यावा, एवढीच विनंती.