कानाने दिलेले उत्तर

माझी नात दोन दिवसांची असताना इस्पितळातल्या एक बाई छोटेसे यंत्र घेऊन आल्या. झोपलेल्या बाळाच्या कानात त्यांनी मऊ बोंडी बसवली. टिक्‌टिक्‌ सुरू झाली. मिनिटभराने म्हणाल्या, "आजोबा, उजवा कान उत्तर देतोय. डावा गप्प आहे. आत ओलावा असेल, पंधरा दिवसांनी पुन्हा बघू."

कान उत्तर देतो? मला वाटले, ही बोलायची पद्धत असेल. काळजीतल्या त्या पंधरा दिवसांत मी याचा इतिहास वाचून काढला.

सुरुवात टॉमस गोल्ड यांच्यापासून होते. मूळचे व्हिएन्नाचे, महायुद्धात इंग्लंडमध्ये रडारवर काम केलेले. आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल हे त्यांचे सहकारी. १९४८ साली गोल्डना प्रश्न पडला, की आतला कान द्रवाने भरलेला. पाण्यात बुडवलेल्या घंटेचा नाद तर लगेच विरतो. मग जवळजवळचे सूर आपण वेगळे ओळखतो कसे? म्हणजे कान स्वतः जोर लावून विरणारा नाद उचलून धरत असणार. आणि तसे असेल तर, माईक कर्ण्याजवळ नेला की शिट्टी वाजते, तसा कानही कधी वाजला पाहिजे!

फारसे कोणी मनावर घेतले नाही. त्या काळच्या माईकना इतका क्षीण आवाज टिपता येत नव्हता. शिवाय गेओर्ग फॉन बेकेशी यांच्या प्रयोगांचा दबदबा होता. त्यांना १९६१चे नोबेल मिळाले. प्रयोग नामी होते, पण त्यांनी पाहिलेले बहुतेक कान मृतांचे होते. ते काय उत्तर देणार?

१९७७ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प या भौतिकशास्त्रज्ञाने जिवंत माणसाच्या कानात बारीक माईक बसवून टिकटिक ऐकवली. सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास आतून क्षीण प्रतिसाद आला. साध्या प्रतिध्वनीला इतका वेळ लागत नाही. बहिऱ्या कानातून काहीच आले नाही. पुढे १९८५ साली विल्यम ब्राउनेल यांनी कारण दाखवले: शंखासारख्या नळीतल्या बाहेरच्या रांगांतील केसपेशी विजेच्या इशाऱ्यावर आखडतात, लांबतात. एका कानात अशा सुमारे बारा हजार.

मेंदूकडे जाणारी नस ठीक आहे का, हे मात्र या चाचणीत कळत नाही; त्यासाठी वेगळी तपासणी लागते.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. बाईंनी बोंडी बसवली. मी श्वास रोखून पडद्याकडे पाहत होतो. डाव्या कानाने उत्तर दिले. नात झोपेतच होती.