जात सीमा ओलांडते, दाखला का ओलांडत नाही?

१९१७ साली बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले तेव्हा त्यांच्याकडे कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण होते. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवरच ते शिकले होते. तरीही त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. मुंबई इलाख्यातली अस्पृश्यता त्यांच्या आधीच बडोद्याला पोहोचली होती. तिला सीमेवर कुणी दाखला विचारला नव्हता.

दरवर्षी नीटचा निकाल लागला की आमच्या मुलामुलींसमोर एक प्रश्न उभा राहतो: दुसऱ्या राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात अर्ज केला तर आपला जातीचा दाखला तिथे चालतो का? उत्तर 'कुठे चालतो, कुठे चालत नाही' असे आहे. हे उत्तर कसे तयार झाले, हा इतिहास आम्हाला माहीत असायला हवा. कारण त्यात आमच्या हक्काच्या जागा गेल्या आहेत.

रहिवासाची भिंत

सुरुवात इंदूरपासून करू. तिथल्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना भरावी लागे. दिल्लीचा एक विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५५ साली डी. पी. जोशी खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने नियम कायम ठेवला. युक्तिवाद असा की, अनुच्छेद १५ जन्मस्थानावरून भेद करायला मनाई करतो, रहिवासावरून नाही. पुढे राज्यांनी या वाटेने आपली कॉलेजे जवळजवळ पूर्ण बंद करून घेतली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रहिवासाची अट बाबासाहेबांना सरसकट अमान्य नव्हती. संविधान सभेत, नोव्हेंबर १९४८ मध्ये, सरकारी नोकऱ्यांबाबत बोलताना त्यांनी स्पष्ट केले होते की, राज्याशी काही संबंध नसताना नुसते येऊन पदे घेऊन जाणाऱ्यांना राज्याने मोकळे रान देऊ नये. पण ही अट घालण्याचा अधिकार कुणाकडे? राज्यांकडे नव्हे, संसदेकडे. अनुच्छेद १६(३) आजही तेच सांगतो. म्हणजे स्थानिकांचा हक्क त्यांनी मानला, पण प्रत्येक राज्याने आपापले कुंपण घालावे हे मानले नाही.

पंधरा टक्क्यांत काय हरवले

१९८४ साली डॉ. प्रदीप जैन खटल्यात न्या. भगवती यांच्या खंडपीठाने सर्व जागा रहिवाशांसाठी राखणे घटनाबाह्य ठरवले. भारतात अधिवास एकच, राज्याचा वेगळा अधिवास नाही, असेही सांगितले. १९८६ साली दिनेशकुमार खटल्यात हिशेब ठरला: एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात. बाहेरच्या राज्यातल्या उमेदवारासाठी दार उघडले.

पण कुणासाठी उघडले? या १५ टक्क्यांत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण नव्हते. शंभर जागांचे एक सरकारी कॉलेज धरा. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ टक्के, म्हणजे १३ जागा. त्यातल्या १५ जागा केंद्राला गेल्यावर उरलेल्या ८५ वर १३ टक्के म्हणजे ११. दोन जागा गेल्या. कुणी मोर्चा काढून त्यांना विरोध केला नव्हता, कुणी आरक्षण रद्द केले नव्हते. नुसती जागा एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेली आणि आरक्षण वाटेत गळून पडले. हे प्रत्येक राज्यात, प्रत्येक कॉलेजात, दरवर्षी घडत राहिले.

२००७ साली अभय नाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कोट्यात अनुसूचित जातींना १५ आणि जमातींना साडेसात टक्के आरक्षण मान्य केले. म्हणजे २१ वर्षांनी. राज्यांच्या कॉलेजांतून केंद्राला दिलेल्या जागांत ओबीसींना त्यानंतरही थांबावे लागले. तामिळनाडूतल्या पक्षांनी मद्रास उच्च न्यायालयात लढा दिला, २०२० मध्ये त्याला यश आले, आणि जुलै २०२१ मध्ये केंद्राने २७ टक्के आरक्षण जाहीर केले. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवताना म्हटले की, परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, ती सामाजिक परिस्थितीच्या संदर्भात पाहिली पाहिजे. ही गोष्ट आमची चळवळ किती दशके सांगत होती!

दाखल्याची हद्द

आता दुसरी बाजू. आंध्रात अनुसूचित जमातीत मोडणाऱ्या कुटुंबातला एक मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच मुंबईत आला, मुंबईतच शिकला. त्याने मुंबईच्या सरकारी आणि पालिकेच्या मेडिकल कॉलेजांत जमातीच्या राखीव जागेसाठी अर्ज केला. उत्तर मिळाले, दाखला आंध्रचा आहे. १९९० साली मर्री चंद्रशेखर राव खटल्यात घटनापीठाने हेच मान्य केले. आधार होता अनुच्छेद ३४१ आणि ३४२ मधल्या शब्दांचा: यादी त्या त्या राज्याच्या संदर्भात असते. १९९४ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या कृती समितीच्या याचिकेवर न्यायालय आणखी पुढे गेले. दोन्ही राज्यांच्या यादीत एकाच नावाची जात असली तरी स्थलांतरिताला लाभ नाही. २०१८ साली बीर सिंग खटल्यात पाच न्यायाधीशांनी पुन्हा तेच सांगितले.

न्यायालयाचा एक मुद्दा आम्ही टाळणार नाही. बाहेरून आलेल्यांना स्थानिक कोट्यात घेतले तर स्थानिक दलित-आदिवासींच्या जागा कमी होतील. हे खरे आहे. गडचिरोलीच्या मुलीची जागा दुसऱ्या राज्यातल्या सुस्थितीतल्या मुलाला जावी असे आम्हीही म्हणणार नाही.

पण यादीच्या सीमा अटळ नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि मराठवाडा हैदराबाद राज्यात. राज्ये एक झाली तरी याद्यांत जुन्या प्रदेशांची बंधने राहिली. ती बहुतेक बंधने संसदेने १९७६ च्या कायद्याने काढून टाकली. बौद्धांचेही तसेच. १९९० च्या दुरुस्तीपर्यंत धम्म स्वीकारलेल्या आमच्या माणसाला केंद्राच्या दृष्टीने अनुसूचित जातीचा दर्जा नव्हता. महाराष्ट्रात सवलत मिळे, महाराष्ट्राबाहेर तो खुल्या गटात. तीही भिंत संसदेनेच पाडली. मग कामासाठी, बदलीसाठी, उसासाठी, वीटभट्टीसाठी राज्य सोडणाऱ्यांच्या मुलांसाठी स्थानिकांच्या कोट्याला हात न लावता वेगळ्या, वाढीव जागा निर्माण करणारा कायदा संसद का करू शकत नाही?

आज काय करायचे

ज्यांना यंदा अर्ज करायचा आहे त्यांनी एवढे पक्के लक्षात ठेवावे. दुसऱ्या राज्याच्या ८५ टक्के कोट्यात आपला महाराष्ट्राचा दाखला आरक्षणासाठी चालत नाही. अखिल भारतीय १५ टक्क्यांत, एम्समध्ये आणि जिपमरच्या अखिल भारतीय जागांवर तो चालतो. तिथे अनुसूचित जातींना १५ टक्के आहे, राज्यातल्या १३ पेक्षा जास्त. दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा. ओबीसींनी जात केंद्रीय यादीत आहे का ते आधी पाहावे. राज्याची आणि केंद्राची, दोन्ही नोंदणी करावी. 'बाहेरचे राज्य आपल्याला परवडणार नाही' म्हणून केंद्राची फेरी सोडून देणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. बाबासाहेब बडोद्याच्या पैशावर न्यूयॉर्कला गेले होते.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय जागांतले रहिवासी आरक्षण घटनाबाह्य ठरवले. जागा पुन्हा एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जात आहेत. १९८६ साली आम्ही हिशेब तपासला नाही, त्याची किंमत २१ वर्षे मोजली. या वेळी प्रत्येक जागेसोबत तिचे आरक्षण गेले की वाटेत गळले, हे आम्ही मोजणार आहोत.

जय भीम!