व्हीपुरीचें ग्रंथालय

ग्रंथालय म्हटलें कीं पुस्तकांनीं भरलेलीं कपाटें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. तीं कपाटें ज्या घरांत ठेवावयाचीं तें घर कसें असावें, हा प्रश्न मात्र बहुधा देणगीदाराच्या ऐपतीवर आणि कंत्राटदाराच्या संवयीवर सोंपविला जातो. चार उंच खांब, दर्शनी भागीं एक कोनशिला, एवढ्यानें सरस्वतीच्या मंदिराची शोभा पुरी झाली असें आपण समजतों. आंत बसून वाचणाराच्या डोळ्यांस काय होतें, याची विचारपूस कोणी करीत नाहीं. ती विचारपूस आधीं करून मग बांधलेल्या एका ग्रंथालयाची हकीकत येथें सांगावयाची आहे.

फिनलंडच्या आखाताजवळ व्हीपुरी नांवाचें एक जुनें व्यापारी शहर होतें. तेथील ग्रंथालयाच्या इमारतीसाठीं १९२७ सालीं स्पर्धा झाली आणि तींत आल्वार आल्टो या अवघ्या २९ वर्षांच्या वास्तुशिल्पज्ञाची योजना पसंत ठरली. ती योजना जुन्या अभिजात वळणाची होती. पुढें जागा बदलली, आर्थिक मंदी आली आणि काम लांबणीवर पडलें. परंतु हा विलंब फुकट गेला नाहीं. त्या अवधींत आल्टोनें आराखडा पुनःपुन्हां बदलला, आणि १९३५ सालीं उद्यानांत जी इमारत उघडली, ती पांढऱ्या, साध्या भिंतींची एक अगदीं नवी वस्तु होती.

तिच्या मुख्य वाचनदालनाला नेहमीच्या खिडक्या नाहींत. प्रकाश येतो तो छतांतील ५७ वाटोळ्या झरोक्यांतून. प्रत्येक झरोका सुमारें सहा फूट रुंद आणि नळकांड्यासारखा खोल आहे. उत्तरेकडील त्या प्रदेशांत सूर्य फार वर चढत नाहीं. त्यामुळें त्याचे किरण सरळ खालीं न येतां झरोक्याच्या पांढऱ्या बाजूंवर आपटतात, विखुरतात आणि सौम्य होऊन मग पुस्तकावर उतरतात. प्रकाश असा अनेक ठिकाणांहून आल्यानें पानावर वाचकाच्या स्वतःच्या डोक्याची गडद सावली पडत नाहीं. व्याख्यानगृहाचें लांकडी छत लाटांसारखें वरखालीं होत जातें. वक्त्याइतकेंच श्रोत्याचें बोलणेंहि सर्वांस ऐकूं यावें, हा त्यांतील हेतु. मुलांसाठीं उद्यानाच्या बाजूनें निराळें दार, आणि वर्तमानपत्र वाचावयास येणारासाठींहि स्वतंत्र वाट.

हें सुख व्हीपुरीकरांस चारच वर्षें लाभलें. १९३९ च्या नोव्हेंबरांत सोव्हिएत सैन्यानें फिनलंडवर स्वारी केली, आणि १९४० च्या मार्चांतील तहानें तें शहर फिनलंडच्या हातून गेलें. नागरिकांनीं घरें सोडलीं. १९४१ सालीं शहर परत मिळतांच पुष्कळ जण माघारी आले. १९४४ च्या जूनमध्यें तें पुन्हां गेलें, आणि या वेळीं कायमचेंच. आज तें व्हीबोर्ग या नांवानें रशियांत आहे. ग्रंथालयाची इमारत लढायांतून बचावली, पण पुढें सुमारें दहा वर्षें ती ओसाड पडली. पावसानें व थंडीनें जें मोडावयाचें तें मोडलें. लाटांचें छत गेलें. बाहेरच्या जगांत तर इमारतच नाहींशी झाली असा पुष्कळांचा समज होता. १९६१ सालीं ती दुरुस्त होऊन पुन्हां उघडली. नंतर १९९० च्या दशकापासून फिनिश व रशियन जाणकारांनीं मिळून तिचा जीर्णोद्धार चालविला, लाटांचें छत नव्यानें बसविलें, आणि २०१३ सालीं तें काम पुरें झालें.

ज्यांचें गेलें आणि ज्यांना मिळालें, ते दोघे एकाच छपराखालीं कामाला लागले, ही गोष्ट लहान नव्हे. त्यामुळें घरें सोडून गेलेल्यांचें दुःख मिटलें असें मात्र कोणीं म्हणूं नये. ज्या मुलांसाठीं तें निराळें दार ठेवलें होतें, तीं परक्या गांवीं वाढलीं. पण ज्या इमारतीनें राजवैभव मिरविण्याऐवजीं वाचणाराच्या डोळ्यांची काळजी वाहिली, तिच्यांत दुसऱ्या भाषेचा वाचक येऊन बसला तेव्हां तिला परकें व्हावें लागलें नाहीं. मंद उजेडांत डोळे दुखतात ते कोणत्याहि भाषेच्या वाचकाचे सारखेच. आपल्या पेठेंत नवें ग्रंथालय बांधावयाचें ठरेल, तेव्हां कोनशिलेवर कोणाचें नांव घालावें या वादाआधीं, वाचकाच्या पानावर उजेड कोठून येईल, एवढें जरी कोणीं विचारलें तरी पुष्कळ झालें.