काळी पडणारी गोळी

ह्यांना कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन्स. निदान होऊन नऊ वर्षं झाली. हे गणिताचे शिक्षक. आधी हात थरथरला नाही, आधी अक्षर लहान झालं. वाण्याची यादी लिहायला बसले की पहिली ओळ नेहमीसारखी टपोरी आणि शेवटची मुंग्यांच्या रांगेसारखी. तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.

गोळी दिवसातून चार वेळा, त्यात दोनदा अर्धी. एका पावसाळ्यात मी शहाणपणा केला. महिन्याच्या गोळ्या एकदम अर्ध्या करून स्टीलच्या डबीत भरल्या आणि डबी ओट्याजवळ ठेवली. तीनेक आठवड्यांनी बघते तर तुटलेल्या कडा तपकिरी, एखादी तर चक्क काळसर! भाची औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते, तिला फोन लावला. "मावशी, टाकून दे त्या," ती म्हणाली. "लेवोडोपा दमट हवेत काळा पडतोच. आम्हीसुद्धा त्याला तान्ह्या बाळासारखं सांभाळतो."

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाचा तास शेजारच्या वर्गात. पण त्या काळ्या कडांनी मला सोडलं नाही. भाचीला विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजलं ते इथे लिहिते.

आपल्या प्रथिनांत टायरोसीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. त्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची आणखी एक जोडी चिकटली की डोपा होतो. पांढरी, बिनवासाची भुकटी. पाण्यात फारशी विरघळत नाही, थोडं आम्ल घातलं की विरघळते आणि त्यातच बरी टिकते. द्रावणात सोड्यासारखं काही पडलं की ते तांबूस, मग तपकिरी, शेवटी काळं. म्हणून बाटली घट्ट बंद, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवायची आणि द्रावण लागेल तेव्हाच ताजं करायचं. चिरलेलं वांगं काळं पडतं ती ह्याच जातीची क्रिया. आपण त्याला पाण्यात टाकतो, ते लोक बाटलीत नायट्रोजन भरतात. हवेपासून जपायचं, एवढंच दोघांचं शास्त्र.

आता इतिहास. १९११ साली लंडनमध्ये कासिमिर फंक ह्यांनी डोपा प्रयोगशाळेत बनवला. 'व्हिटामिन' हा शब्द देणारे तेच. १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला, हॉफमन-ला रोश कंपनीत मार्कुस गुगनहाइम ह्यांनी तो बाकल्याच्या शेंगांतून वेगळा केला. प्राण्यांना दिला, विशेष काही घडलं नाही. मग अडीच ग्रॅम स्वतःच गिळला आणि त्यांना जोराच्या उलट्या झाल्या. निष्कर्ष निघाला की पदार्थ फारसा कामाचा नाही.

इथे मी वाचता वाचता थांबले. आजही गोळी सुरू करताना डॉक्टर मळमळ होईल म्हणून बजावतात. उलटी हीच पदार्थ शरीरात काम करत असल्याची खूण होती. पण ती वाचायला लागणारी लिपी तेव्हा कुणाला येत नव्हती. १९१७ साली ब्रूनो ब्लोख ह्यांनी कातडीच्या रंगपेशी डोपामुळे काळ्या होतात हे दाखवलं आणि 'डोपा' हे सुटसुटीत नावही त्यांनीच रूढ केलं. १९१९ मध्ये त्रेत्याकॉफ ह्यांनी पॅरिसमध्ये दाखवलं की कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूतला एक काळा ठिपका फिकट झालेला असतो. बाटलीत काळा पडू नये म्हणून जपायचा पदार्थ आणि मेंदूत काळा असायला हवा तो ठिपका. दोन्ही गोष्टी छापून आल्या होत्या. त्या एकमेकींशेजारी ठेवायला चाळीस वर्षं लागली.

मधल्या काळात, १९३७ साली, मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी ह्यांनी खाजकुइलीच्या बियांतून डोपा काढला. हे वाचलं आणि माझ्या पोटात कालवलं. आमच्या कोकणातल्या घरामागे, गडग्यावर खाजकुइलीचा वेल होता. शेंगेवरच्या कुसळांना भिऊन आम्ही मुलं तिकडे फिरकत नसू. आणि ओटीवर आजोबा बसलेले असत. चेहरा दगडी, बोटं जपमाळ ओढल्यासारखी हलणारी, लाळ पुसायला खांद्यावर पंचा. आयुर्वेदात खाजकुइलीचं बी, म्हणजे कपिकच्छू, वातविकारांवर सांगितलेलं आहे. वैद्यबुवांनी ते दिलं होतं की नाही, आता विचारायला कुणी उरलं नाही. नुसत्या बियांनी आजोबा उठून चालले असते, असंही मी म्हणत नाही. पण गडगा आणि ओटी ह्यांत वीस पावलांचं अंतर होतं.

पुढची वाट आपल्या सर्पगंधेवरून गेली. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी रक्तदाबावर सर्पगंधेचे अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडले. तिच्यातून १९५२ साली बाझललाच रेसर्पीन वेगळं झालं. स्वीडनमध्ये आर्विद कार्ल्सन ह्यांनी रेसर्पीन देऊन ससे निपचित केले, मग डोपा टोचला आणि ससे उठून हिंडू लागले. साल १९५७. डोपापासून मेंदूत डोपामीन बनतं आणि हालचालीला तेच लागतं, हे हळूहळू उलगडलं. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि होर्निकीविच ह्यांनी दाखवलं की कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत डोपामीनच उणं असतं. १९६१ साली बिर्कमायर ह्यांनी रोग्यांना डोपाचं इंजेक्शन दिलं. अंथरुणाला खिळलेली माणसं काही तासांपुरती उठली, चालली.

आजोबा त्याच वर्षी गेले.

तरी गोळी व्हायला आणखी वेळ लागला. डोपाचे दोन प्रकार, डाव्या-उजव्या हातासारखे, आरशातले. मेंदूच्या कामाचा फक्त डावा. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास ह्यांनी मिश्र डोपा तोंडावाटे, थोडा थोडा वाढवत, दिवसाला १६ ग्रॅमपर्यंत दिला. रोगी सुधारले, पण काहींच्या पांढऱ्या पेशी घटल्या. मग नुसता डावा वापरला आणि १९६९ मध्ये यश मिळालं. तो स्वस्तात करण्याची रीत मॉन्सँटो कंपनीत विल्यम नोल्स ह्यांनी बसवली, २००१ चं नोबेल त्यासाठीच. मेंदूबाहेरच डोपा वाया जाऊन उलट्या होऊ नयेत म्हणून जोडीला कार्बिडोपा आला. गुगनहाइमना जे बाधलं, त्यावरचा हा उतारा!

ह्या गोळीने रोग बरा होत नाही. पेशी मरायच्या त्या मरतातच, दोन गोळ्यांमधलं अंतर कमी होत जातं. मिळतात ते तास. पण ओटीवर बसलेल्या आजोबांना तेवढेही मिळाले नव्हते, हे मला विसरता येत नाही.

आता मी गोळी वेळ झाल्यावरच पाकिटातून काढते आणि तोडते. उरलेली अर्धी छोट्या घट्ट बाटलीत, कपाटात. पुढच्या वेळी आधी तीच.

काल ह्यांनी गोळीनंतर पाऊण तासाने वाण्याची यादी लिहिली. शेवटची ओळ बारीकच होती, पण चष्मा न लावता मला वाचता आली. 'चहा पावडर, पाव किलो.'