शॅनन यांचा उंदीर

स्मरणिकेसाठी ‘तुझ्या कॉम्प्युटरमधलं काहीतरी लिही’ असा आदेश आला. प्रोग्रॅमिंगवर लिहिलं तर बाईसुद्धा पान उलटतील, म्हणून क्लॉड शॅनन यांच्याविषयी लिहिते.

आपल्या ग्रुपवर रोज सकाळी येणारी फुलं ज्या बिटांमधून प्रवास करतात, त्यांचं गणित या अमेरिकन माणसाने १९४८ मध्ये मांडलं. ‘बिट’ हा शब्दही त्याच निबंधातून रूढ झाला; पण तो जॉन टकी यांनी सुचवला, हे शॅनन यांनी तिथेच लिहून ठेवलं. त्याआधी १९३७ मध्ये, एकविसाव्या वर्षी, स्विचच्या जोडण्या बूलच्या बीजगणिताने सोडवता येतात हे त्यांनी दाखवलं होतं. त्याबद्दल पुढे विचारलं की म्हणत, दोन्ही विषय एकाच वेळी माहीत असलेला दुसरा कोणी तेव्हा नव्हता, इतकंच!

१९५० मध्ये त्यांनी थिसियस नावाचा लाकडी उंदीर केला. पहिल्या फेरीत तो चक्रव्यूहात धडपडे, दुसऱ्यांदा सरळ वाटेने जाई. लोक उंदराच्या हुशारीला दाद देत. खरी स्मरणशक्ती होती खालच्या रिलेंमध्ये. उंदराला फळीखालचं चुंबक ओढत असे, आणि ते शॅनन स्वतःच दाखवत. रोमन आकड्यांत हिशेब करणारं यंत्रही त्यांनी बनवलं. आपल्या विज्ञान प्रदर्शनात ते मांडलं असतं तर परीक्षकांनी ‘याचा उपयोग काय?’ विचारून उत्तेजनार्थवर बोळवण केली असती.

मला मात्र सगळ्यात मोठं वाटतं ते १९५६ मधलं त्यांचं एक पानी टिपण. मानसशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत जो तो त्यांचा सिद्धान्त वापरू लागला होता. अशा वेळी त्यांनीच लिहिलं, की याचं महत्त्व फुगवलं जातंय; आधी आपलं घर नीट ठेवू या. आमच्या धंद्यात हल्ली प्रत्येक प्रेझेंटेशनवर ‘एआय’चा टिळा असतो. तिथे स्वतःच्याच मालाबद्दल असं बोलणारा अजून तरी मला भेटलेला नाही.

१९८५ मध्ये ब्रायटनच्या परिषदेत ते अचानक अवतरले. भाषणाला उभे राहिले, आणि श्रोते कंटाळतील या धास्तीने खिशातून तीन चेंडू काढून झेलू लागले! नंतर सह्यांसाठी रांग लागली.

शेवटची वर्षं अल्झायमरमध्ये गेली. २००१ मध्ये ते वारले, तेव्हा इंटरनेट घरोघरी पोचू लागलं होतं. त्यातलं काही त्यांना उमगण्याजोगं राहिलं नव्हतं.